मथुरेने नाकारलेली घरं

मथुरेने मला चौदा घरं दाखवली आणि तेरा घेऊ दिली नाहीत. एजंट गिऱ्हाइकाच्या गळ्यात घर मारतो असं मी ऐकून होते. हिचं सगळं उलटं. मालक दार उघडून उभा आहे, त्याची बायको पाणी घेऊन आली आहे, मी "बरं आहे हो घर" म्हणते आहे, आणि ही माझ्या कानाशी येणार, "वयनी, नको घेऊ." हळू बोलणं तिला जमायचं नाही. मालकाला स्वच्छ ऐकू जायचं. मग पाण्याचा ग्लास तसाच आत जायचा आणि आम्ही दोघी परत उन्हात.

दुसरी कोणी असती तर मी पहिल्या महिन्यातच तिचा नाद सोडला असता. पण मथुरेला मी चाळीस वर्षं ओळखत होते आणि ती खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. हीच पंचाईत होती. खोटारड्या माणसाला सोडता येतं.

ओळख परळच्या चाळीतली. माझे यजमान गिरणीत होते. ही वसईजवळच्या उमेळ्याहून भाजी घेऊन यायची, मंगळवारी आणि शनिवारी. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली. टोपलीत वालपापडी, पडवळ, अळू, केळफूल. तिचं माहेर आगाशीचं. थंडीत तिकडची सुकेळी आणायची, सुकवलेली गोड केळी, केळीच्याच वाळक्या पानात बांधलेली. माल चांगला. पण घेऊ देईल तर शपथ.

एकदा माझे दीर-जाऊ गावाहून यायचे होते. मी भरली वांगी करायची ठरवली होती. मसाला वाटून तयार. ही जिना चढून आली आणि टोपली न उतरवताच म्हणाली, "आज वांगी नको घेऊ."

"का?"

"आत कीड आहे."

"मग आणलीस कशाला?"

"आणताना ठाऊक नव्हतं. आता खालच्या मजल्यावर एक मोडून बघितलं."

"सगळीच किडकी आहेत का? मी बघून घेते चार."

"चांगलं कुठलं ते मलाच कळत नाही, तुला काय कळणार?"

"अगं पण पाहुणे यायचे आहेत. मी शिजवू काय?"

"डाळ शिजव," म्हणाली आणि भरलेली टोपली घेऊन खाली उतरली. त्या दिवशी अख्ख्या चाळीने डाळ खाल्ली. मी तो मसाला डाळीत घातला आणि जावेने त्यावरून मला वर्षभर ऐकवलं.

बाकीच्या भाजीवाल्या जिन्यात बसायच्या, पाणी मागायच्या, पाय पसरून घरच्या गोष्टी सांगायच्या. मथुरा कधी बसली नाही. मी एकदा म्हटलं, "टेक की जरा, पाय मोडतील तुझे." तर म्हणाली, "बसलं की मग खरं सांगवत नाही." तेव्हा मला ते आगाऊपणाचं वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

पुढे गिरणी बंद पडली, भाजीवाली यायची बंद झाली, यजमान गेले. शेवटी मी खोली विकली आणि वसई रोडला मुलाकडे आले. मुलगा नितीन, सून शर्मिला, एक नातू. सून वाईट नाही, हे आधी सांगते, नाहीतर लोकांना तेच वाटतं. पण घर दोन खोल्यांचं आणि माझी खाट हॉलमध्ये, टीव्हीसमोर. नातवाची शिकवणी असली की मी बाल्कनीत. सुनेच्या मैत्रिणी आल्या की मी देवळात. न्हाणीघरात गेले की दोन मिनिटांत बाहेरून आवाज, "आई, झालं का?" मला मोठं घर नको होतं. मला एक दार हवं होतं. मी आतून कडी लावली की मी उघडीन तेव्हाच उघडेल, एवढंच.

खोलीचे पैसे माझ्या नावावर बँकेत होते. नितीनचं म्हणणं, ते आणि त्याचे मिळून नव्या इमारतीत मोठा फ्लॅट घ्यावा. "तुला वेगळी खोली देऊ, आई."

"नाव कोणाचं लागेल?"

"नावाचं काय घेऊन बसलीस? घरच्यांचंच लागणार ना!"

मी चौथी शिकलेली असले तरी घरचे म्हणजे कोण हे मला कळतं. मी म्हटलं, मी माझ्यापुरतं घर बघते. तो म्हणाला, "बघ. गणपतीपर्यंत बघ. बिल्डर तोवर थांबायला तयार आहे. नाही मिळालं तर मग माझं ऐकायचं." मी हो म्हटलं. पाडव्यापासून गणपतीपर्यंत पाच-साडेपाच महिने होते. एवढ्या वसई-विरारात मला एक खोली मिळणार नाही?

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी बाजारात गेले, तर एक म्हातारी भाजीवाल्याच्या समोर उभी राहून त्याला झापत होती. हातात वांगं. "हे विकू नको. बघ, देठाशी भोक आहे. लोकांना काय खायला घालतोस?" तो बिचारा म्हणत होता, "मौसी, तेरे को नहीं लेना तो मत ले ना." मी लुगड्यावरून ओळखली नाही, आता ती पाचवारी नेसत होती. वांग्यावरून ओळखली.

मुलगी लग्न होऊन आगाशीला होती. तिची वाडी गेली होती. तिथे इमारती झाल्या होत्या. जमिनीची माहिती म्हणून लोक तिला विचारायला लागले आणि विचारता विचारता ती एजंट झाली. भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एक खुर्ची आणि बाहेर पाटी, 'रूम विकत व भाड्याने मिळतील'. खुर्चीवर भाचा बसायचा. ही पाटीखाली उभी.

मी तिला काय हवं ते सांगितलं. गुडघे गेलेले आहेत, म्हणून तळमजला. लिफ्टवाली घरं मला झेपणारी नाहीत. संडास आत हवा. देऊळ जवळ असलं तर बरं. "आणि आपल्या लोकांत बघ."

"आपले म्हणजे कोण?"

"आपले म्हणजे आपले. आता हे पण सांगायला हवं का?"

"बरं," म्हणाली. ती लिहून काही घ्यायची नाही. सगळं डोक्यात. तिथे एकदा गेलं की पुसलं जायचं नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

तिच्याबरोबर घरं बघायला जाणं म्हणजे शिक्षा. पहिलं म्हणजे तिला इमारतींची नावं येत नसत. तिला खालची जमीन दिसायची. रिक्षात बसली की सांगणार, "धाकट्या बावखलापाशी घे." बावखल म्हणजे या लोकांच्या वाडीतलं शिंपणाचं तळं. पूर्वी प्रत्येक वाडीला एक असायचं म्हणे. आता बरीचशी माती टाकून भरली आणि वर इमारती उभ्या केल्या. रिक्षावाला जौनपूरचा, वसईत येऊन वर्ष झालेलं. तो मागे वळून म्हणतो, "कौन सा बावखल, मौसी? इधर तो जिम है."

"जिमच्या खाली."

"जिम के नीचे मेडिकल है."

"त्याच्याही खाली," म्हणते ही. रिक्षावाला माझ्याकडे बघतो. मी रस्त्याकडे बघते.

दुसरं म्हणजे घरात शिरली की ती हॉल बघायची नाही, बाल्कनी बघायची नाही, मालकाचं ऐकायची नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन बाईला विचारायची, "ताई, पिठाचा डबा कुठे ठेवता?"

पहिलं घर साताऱ्याकडच्या एका नोकरदाराचं होतं. ओट्याला काळा ग्रॅनाइट, छतापर्यंत टाइल्स. तो छातीवर हात ठेवून सांगत होता, "पाण्याचा थेंब येत नाही हो आजी आत. गेली सहा वर्षं मी इथे आहे." मथुरेने बायकोला डब्याचं विचारलं. तिने बिचारीने सरळ वर माळ्याकडे बोट दाखवलं. तांदूळही वर, मुलांची दप्तरंही वर. गॅसची टाकी दोन विटांवर.

"नको घेऊ," मथुरा म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तडकले. "अगं, डबा वर आहे म्हणून घर वाईट?"

"बाई रोज पीठ मळते. रोज शिडीवर कोण चढेल? पाणी येतं म्हणून वर. इथे दाजींचं बावखल होतं. म्हशी डुंबायच्या."

मला पटलं. पहिल्या घराला पटलं. पण मग दुसरं झालं, तिसरं झालं. कोणाचा डबा फळीवर, कोणाचा फ्रिजवर. एका घरात डबा खाली होता तर हिने भिंतीला खालच्या बाजूला उलटा हात लावला, ताप बघतात तसा, आणि मान हलवली. नवा रंग होता म्हणे, महिन्याभरातला. रंग कशाला दिला असेल ते मीच ओळखायचं.

वैशाखात एक चांगलं मिळत होतं. उंचावरची इमारत, देऊळ समोर. तिथल्या कमिटीने आम्हाला आधी भेटायला बोलावलं. सेक्रेटरी गुजराती, माणूस गोड, चहा दिला, बायकोने खाखरा ठेवला. मग तो म्हणाला, "माँजी, एक छोटी बात है. हमारे यहाँ सब शाकाहारी है. आप...?"

मी मनात ठरवून गेले होते. घर हातात येईपर्यंत काय वाटेल ते बोलायचं, मग दार लावून काय ते शिजवायचं. मी तोंड उघडणार एवढ्यात मथुरा म्हणाली, "बाई मालवणची आहे. सुके बोंबील भाजते. तीन मजले वास जातो."

सेक्रेटरीने खाखऱ्याची ताटली जरा आपल्याकडे ओढली.

जिना उतरल्यावर मी तिला रस्त्यातच गाठली. "तुला विचारलं होतं का कोणी?"

"त्यांनी विचारलं ना."

"मला विचारलं! तुला नाही! आणि मी बोंबील सोडले असते तर?"

"चाळीत तुझ्या दारावरून गेले की माझ्या अळूला बोंबलाचा वास लागायचा. तू सोडणार? रोज दार-खिडक्या लावून भाजले असतेस, चोरासारखे. त्यापेक्षा मुलाकडची बाल्कनी बरी."

मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही. आठव्या दिवशी रिक्षा घेऊन दारात हजर.

पण खरा राग मला लीलम्माच्या घराचा आहे. लीलम्मा केरळची, हॉस्पिटलात नर्स होती, आता निवृत्त होऊन गावी जायची होती. घर आरशासारखं. दोन्हीकडून वारा. मागे एक शेवग्याचं झाड. मी आत पाऊल टाकलं आणि माझी खाट कुठे, देव कुठे, सगळं मनात मांडून झालं. लीलम्मालाही मी आवडले. म्हणाली, "अम्मा, तुम लो. तुम साफ रखेगा." आणि मथुरा गेली स्वयंपाकघरात. तांदळाचा डबा वरच्या फळीवर, पिठाचा त्याच्या शेजारी.

"नको घेऊ."

या वेळी मी भांडले. तिथेच, लीलम्मासमोर. मथुरा ऐकून घेत होती आणि तेच म्हणत होती. शेवटी म्हणाली, "पावसाळा होऊ दे. पावसात बघू. टिकलं तर घे." घर काय पावसाळाभर कोणाची वाट बघतं? पंधरा दिवसांत रेल्वेतल्या एका माणसाने घेतलं.

आषाढात चार दिवस पाऊस कोसळला. वसई रोडचे निम्मे रस्ते पाण्यात. पाचव्या दिवशी दारावर थाप पडली. मथुरा. नखशिखांत भिजलेली, हातात चपला. सुनेने पुसायला टॉवेल पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"लीलम्माचं घर बघून आले," म्हणाली. "सुकं आहे. खडखडीत."

मी टीव्ही बंद केला.

"त्या नव्या बाईला विचारलं. लीलम्माला कंबरेचं दुखणं होतं. डॉक्टरने वाकू नको म्हणून सांगितलं होतं. म्हणून डबे वर. माझी चूक झाली, वयनी."

"आता येऊन सांगतेस?"

"आजच कळलं."

"मग न सांगता राहायचं होतंस! आता ऐकून मी काय करू?"

ती उभीच होती. पायांखाली पाण्याचं तळं झालं होतं. "विचारायला हवं होतं. डबा वर का, ते मी विचारलंच नाही," एवढं म्हणाली आणि तशीच पावसात गेली. लोक चूक झाली की तोंड लपवतात. ही पाण्यातून चालत येऊन सांगून गेली आणि माझी रात्रीची झोप घालवली. नितीन जेवताना म्हणाला, "तुझी एजंट ग्रेट आहे, आई. हिच्या नादाने तुला जन्मात घर मिळायचं नाही." मी मान खाली घालून भात कालवला. त्याचं काय चुकत होतं?

गणपतीला दहा दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. तेरावं घर बघून आम्ही येत होतो. ते जिन्याखालचं होतं, त्याला खिडकीच नव्हती, ते तिच्याबरोबर मीही नको म्हटलं. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. माझा गुडघा इतका दुखायला लागला की रिक्षापर्यंत चालवेना. मथुरा म्हणाली, "माझं घर इथेच आहे. चहा घे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

एका चार मजली इमारतीत तळमजला. वाडी दिली त्याच्या बदल्यात बिल्डरने तिला दिलेला. आणि त्याला दार होतं. तसं दार मी त्या अख्ख्या पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. जुन्या घराचं, सागवानी, चार बोटं जाड, पितळेची कडी. तिने आमच्यामागे ते ओढून घेतलं तसा बाहेरच्या रिक्षांचा आवाज एकदम बंद. आत एक खोली, स्वयंपाकघर, खिडकीत जांभळाची फांदी. मला खुर्ची दिली आणि चहा दिला. स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली.

मी अर्धा चहा घेऊन कप ठेवला. "मथुरे, तुझी मुलगी तुला आगाशीला बोलावते ना?"

"कधीपासून."

"मग तू जा. हे मला दे. दोघींचं काम होतं."

ती माझ्या कपाकडे बघत होती. मला वाटलं विचार करते आहे. मी आणखी बोलत राहिले, दहाच दिवस राहिलेत, नितीनने टोकन भरायची तयारी केली आहे, मी तुझं घर नीट ठेवीन, दाराला तेल लावीन. बोलता बोलता मी खाटेची जागासुद्धा ठरवली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वयनी, पीठ कुठे आहे बघ."

मी खाली बघितलं. ओट्यावर बघितलं. फळीवर बघितलं. मग वर. छताच्या हुकाला दोरीने टांगला होता, पाळणा टांगतात तसा.

मग मला बाकीचंही दिसायला लागलं. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक रेघ. तिच्याखाली रंग फुगून सुटलेला. पलंगाच्या पायांखाली तीन-तीन विटा.

"किती येतं?"

"गुडघाभर. एखाद्या वर्षी मांडीपर्यंत."

"आणि तू काय करतेस?"

"ओट्यावर बसते. दुसऱ्या दिवशी उतरतं."

"मग जात का नाहीस मुलीकडे?"

"घराचं काहीतरी करून जायला नको? गिऱ्हाइकं येतात. उन्हाळ्यात येतात, दार बघून खूश होतात. मग मी सांगते."

"सांगतेस कशाला! तुझा तो सातारकर छातीवर हात ठेवून सांगतो तसं सांग."

"त्याने तयार घर घेतलं. खाली काय होतं त्याने पाहिलेलं नाही." तिने माझा कप उचलला आणि विसळायला घेतला. "हे आमचं बावखल होतं. नवरा गेल्यावर भरायला मी दिलं. मातीच्या गाड्या रिकाम्या होत होत्या तेव्हा मी काठावर उभी होते. मासे उडत होते. आता मला ठाऊक नाही असं कसं म्हणू?"

मला तिची दया आली नाही. राग आला. शहाणी बाई, सगळ्या वसईला कुठे पाणी येतं ते सांगत फिरते आणि स्वतः ओट्यावर बसून रात्र काढते. मी तसं तिला तोंडावर म्हटलंही. ती म्हणाली, "मला विचारलंस, मी सांगितलं."

"बरं, मग आता कुठलंही दाखव. सुकं असलं की झालं."

"कुठलंही?"

"हो."

"कोणाच्यातही?"

मी आधी गुडघा चोळून घेतला. "हो म्हटलं ना."

"मग पाडव्याला का नाही म्हणालीस? एक घर तेव्हापासून आहे."

हातात कप नव्हता म्हणून बरं. "आणि तू आज सांगतेस?"

"तूच म्हणालीस ना, आपल्या लोकांत बघ."

शब्द माझेच होते.

तशाच उठून गेलो, मी लंगडत. दहा मिनिटांवर. जुनी तीन मजली इमारत, गिलावा पडलेला, जिन्यात चपलाच चपला. बहुतेक घरं मुसलमानांची. नसीमबी नावाची माझ्याच वयाची बाई घर विकून मुलीकडे भिवंडीला जायची होती. मी काय बघितलं सांगू? मी घर बघितलंच नाही. मी मथुरेकडे बघत होते. ती आत शिरली, स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि खाली फरशीवर फतकल मारून बसली. चाळीस वर्षांत मी तिला कोणाच्या घरात बसलेली पाहिली नव्हती.

मग मी वाकून बघितलं. पिठाचा डबा जमिनीवर, भिंतीला लागून. त्यावर मांजर झोपलेलं.

"डबा खाली का ठेवता?" मथुरेने नसीमबीला विचारलं. लीलम्मापासून ती आता विचारायला शिकली होती.

"और कहाँ रखूँ? आसमान में?" नसीमबी म्हणाली. "सत्ताईस बरसात देखी मैंने यहाँ. बिल्ली का पैर नहीं भीगा."

मथुरा मला म्हणाली, "इथे आमचं खळं होतं. भात झोडायचो. गावातली सगळ्यात उंच जागा. पेंढा इथेच रचून ठेवायचे."

नसीमबीने मला मथुरेच्या शेजारी बसवलं. "एक बात पूछूँ, बहन? मस्जिद पास में है. सुबह अज़ान होती है. आपको तकलीफ़ तो नहीं?"

"इतकी वर्षं गिरणीच्या भोंग्याखाली काढली," मी म्हटलं. "तुमची अजान काय करणार मला?" ती हसायला लागली. मग तिने विचारलं, "मछली?" मी म्हटलं, "सुके बोंबील. रोज." मथुरेकडे बघूनच म्हटलं.

"हाय अल्लाह," नसीमबी म्हणाली, "ऊपर वाली आगरीण को भी यही चाहिए."

घरी सांगितलं तेव्हा नितीन जेवायचा थांबला. "आई, तिथे? तिथे आपलं कोण आहे?"

"तिथे पीठ खाली असतं."

त्याला काही समजलं नाही. सुनेला समजलं असावं, कारण ती म्हणाली, "अहो, त्यांना घेऊ द्या." गणपती बसले त्या दिवशी टोकन देऊन झालं होतं. नितीन महिनाभर धुसफुसत होता. आता रविवारी येतो आणि शेजारीच राहणाऱ्या नसीमबीच्या जावेकडची बिर्याणी दोनदा वाढून घेतो.

दार साधं आहे, प्लायवूडचं. सागवानी दार काही प्रत्येकाच्या नशिबात नसतं. पण आतून कडी आहे. पहिल्या दिवशी सामान लावून झाल्यावर मी ती लावली आणि बसले. कोणी काही विचारलं नाही.

पुढच्या आषाढात दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मथुरा आली. गुडघ्यापर्यंत चिखल. "ये बस" म्हणायच्या आत सरळ स्वयंपाकघरात. डबा जमिनीवर, जिथे नसीमबीचा होता तिथेच. तिने झाकण काढलं, हात पदराला कोरडा केला, पिठात कोपरापर्यंत घातला, अगदी बुडापर्यंत. बाहेर काढून झटकला.

"पीठ वाया घालवू नकोस," मी म्हटलं.

"सुकं आहे."

"ते मला माहीत आहे. रोज मीच मळते."

मी तांदळाच्या दोन भाकऱ्या टाकल्या, बोंबील भाजले. ती भिंतीला टेकून बसली, खाल्लं आणि तशीच बसल्या जागी झोपली. चांगला तासभर. तोंड उघडं, पाय पसरलेले, घोरतसुद्धा होती. मला तिच्यावरून पलीकडे जावं लागत होतं आणि मला ते चाललं. तिच्या घरात तेव्हा किती पाणी असेल ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

त्या दिवाळीत ती आगाशीला मुलीकडे गेली, ताप आला आणि चार दिवसांत आटोपली. नंतर मुलीचा फोन आला. घराला गिऱ्हाईक आलं होतं, बाहेरचं माणूस, दारावर खूश. "मावशी, काय सांगू त्यांना?"

"आहे ते सांग."

"मग घेणार नाहीत."

"नको घेऊ देत," मी म्हटलं. बोलून गेल्यावर मला माझाच राग आला. मला काय करायचं होतं? घर अजून कुलपात आहे.

मला तिची शेवटची आठवण आहे ती आषाढातल्या त्या दुपारची. झोप झाल्यावर उठली, पिठाचं झाकण घट्ट बसलंय ना बघितलं आणि निघाली. मी खिडकीत उभी होते. आमच्या इमारतीपुढचा उतार संपला की रस्ता पाण्याखाली. सरळ डांबरी रस्ता, पण वर सगळं सारखंच गढूळ. एक मोटरसायकलवाला मधोमध बंद पडून उभा, पाणी त्याच्या गुडघ्याला. शाळेतल्या दोन बाया पिशव्या डोक्यावर धरून चाललेल्या, त्याही गुडघाभर पाण्यात. मथुरा त्यांच्यामधून चालली होती, पण सरळ नाही. चार पावलं डावीकडे, मग तिरकी, मग पुन्हा उजवीकडे, जसं कोणी शेताच्या बांधावरून चालतं. पाणी तिच्या घोट्याच्या वर गेलं नाही. खाली तो बांध अजून असणार, तिलाच ठाऊक. मोटरसायकलवाला तिच्याकडे बघत राहिला.

कोपऱ्यापर्यंत ती अशी गेली. तिथे थांबली. तिथून पुढे तिची वाडी सुरू व्हायची. तिने पदर कमरेला खोचला, साडी मांडीपर्यंत वर घेतली आणि पाण्यात उतरली. पहिल्या पावलाला गुडघा, दुसऱ्याला त्याच्याही वर. ती कुठल्या पावलाला किती आत जाणार हे तिला आधीच माहीत असल्यासारखी चालत गेली, आणि घराकडे वळली.